पहिला वाटा प्रभूचा

याच ठाणे शहरात १३२१ साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघातल्या चार बंधूंनी ख्रिस्तावरच्या विश्वासासाठी प्राण दिले. आपल्याकडे प्रभू मागतो ती रोजच्या वेळेतली आणि पगारातली पहिली जागा. ती देताना उरलंसुरलं चालत नाही, वाटा आधी काढावा लागतो.

सकाळची वेळ उलटी मोजा. वाशीची लोकल धरायला साडेसातला निघायचं, तर सहा वाजता वीस मिनिटं प्रार्थना आणि बायबलवाचन, मोबाइल दुसरीकडे चार्जिंगला लावून. हातात असला की ऑफिसचा ग्रुप आधी उघडतो. बहुतेकांचं इथेच फिसकटतं. वन-बीएचकेत स्वतंत्र खोली नसते, पण गॅलरीतलं स्टूल पुरतं. जागा मात्र रोज तीच ठेवा.

बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेतलेले अनेकजण नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकतात. आधी मार्कचं शुभवर्तमान घ्या: १६ अध्याय, रोज एक. मग नीतिसूत्रे, ३१ अध्याय, तारखेप्रमाणे एक. गाडीत इअरफोनवर स्तोत्रं जरूर ऐका, पण जोडीला. सकाळच्या वाचनाच्या बदल्यात नको.

पगार जमा होईल त्याच दिवशी, हप्ते कापले जाण्याआधी, दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, वेगळा काढा. हातात ४२,००० येत असतील तर ४,२०० अर्पणाच्या पाकिटात. महिनाअखेरीस काढू म्हटलं की काही उरत नाही. घरकर्जाने ओढाताण असेल तर कर्ज वाढवून अर्पण देऊ नका. दोन टक्क्यांपासून धरा, दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवा. प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवायला सांगतो.

रविवारची उपासना शनिवारी रात्रीच ठरते. कपड्यांना इस्त्री, मटणाला मसाला, मुलांचा गृहपाठ, सगळं तेव्हाच उरका. दहावीच्या क्लासची फी भरण्यापूर्वी टेस्ट रविवारी सकाळी असतात का हे विचारा. पैसे भरल्यावर बोलून उपयोग होत नाही.

एक चूक मात्र गंभीर आहे. देव पहिला म्हणून घराकडे पाठ फिरवणं. आईची बीपीची गोळी संपलीय आणि आपण संध्याकाळच्या प्रार्थनासभेला निघालोय, तर आधी मेडिकलमध्ये जा. कुर्बानाचं (देवाला वाहिलेल्या अर्पणाचं) नाव सांगून आईबापांचा हक्क डावलणाऱ्यांना येशूने स्पष्ट शब्दांत फटकारलं आहे (मार्क ७).

आणि तीन-चार दिवस वाचन चुकलं, तर मागचे अध्याय एका बैठकीत भरून काढू नका. त्या ओझ्याने वाचनच सुटतं. आजच्या तारखेचा अध्याय उघडा.