द्रवात थर सोलताना या चुका टाळा

ग्राफाइटची किंवा मोलिब्डेनम डायसल्फाइडची पूड द्रावकात टाकून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थर सुटे करणारे यंत्र) सुरू केला, की काही वेळातच द्रव काळपट होतो आणि नवखा संशोधक ‘नॅनोशीट मिळाल्या’, म्हणजे मोजक्या थरांचे अतिपातळ पापुद्रे सुटले, असे जाहीर करून मोकळा होतो. वास्तविक त्या रंगावरून पूड द्रवात तरंगते आहे एवढेच कळते. तिचे तुकडे तीन थरांचे आहेत की तीनशे, याचा निवाडा सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून जड तुकडे तळाला बसवल्यानंतरच होतो.

आणि नेमकी तिथेच सर्वांत हट्टी चूक होते, ती म्हणजे शोधनिबंधातला आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या याचा) आकडा जसाच्या तसा उचलणे. या चुकीत मीही सापडलो आहे. जुन्या प्रयोगशाळेत ५००० आरपीएमला उत्तम डिस्पर्शन (नॅनोशीट तरंगत राहिलेला द्रव) मिळत असे. नव्या जागी त्याच वेगाला, तेवढ्याच वेळात, वरचा द्रव जवळजवळ पाण्यासारखा निघू लागला. मी पूड बदलली, द्रावकाची नवी बाटली फोडली, सोनिकेटरला दोष दिला आणि त्यात तीन आठवडे घालवले. शेवटी पट्टी घेऊन रोटर (सेंट्रिफ्यूजमधला नळ्या फिरवणारा भाग) मोजला, तेव्हा जुन्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि नव्याची १६ भरली. आरपीएम तोच असला तरी बल त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जुन्या यंत्रात सुमारे २२०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २२०० पट) मिळत होते आणि नव्यात ४४००. माझ्या नॅनोशीट तळाच्या गाळात जात होत्या आणि तो गाळ मी रोज टाकून देत होतो. तेव्हापासून वहीत मी जी, वेळ आणि रोटर या तिन्हींची नोंद करतो आणि काहीही तपासण्याआधी गाळ फेकत नाही.

दुसरी चूक एनएमपी (एन-मिथाइल-पायरोलिडोन) हे द्रावक वापरणाऱ्यांची. त्याचे पृष्ठताण, सुमारे ४० मिलिन्यूटन प्रतिमीटर, ग्राफीनला (ग्राफाइटच्या एकेका थराला) मानवते, म्हणून २००८ पासून ते लोकप्रिय आहे. मात्र तासन्‌तास सोनिकेशन केल्यास ते स्वतःच विघटित होऊन पिवळे पडते आणि कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषू लागते. नॅनोशीटची सांद्रता प्रकाशाच्या शोषणावरून काढतात; तेव्हा ताजे एनएमपी ब्लँक (तुलनेसाठीचा नुसता द्रव) म्हणून ठेवले, तर हे शोषण नॅनोशीटच्या खात्यावर जमा होते आणि सांद्रता फुगते. म्हणून मी पूड न घातलेली एनएमपीची एक बाटली त्याच बाथमध्ये (सोनिकेटरच्या पाण्याच्या टाकीत) तेवढाच वेळ ठेवतो आणि तिचाच ब्लँक घेतो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने सांद्रतेचे आकडे छापू नयेत.

बाथचे पाणी तापू देऊ नका. मी दर अर्ध्या तासाने बर्फ घालतो. बाटली दोन बोटे सरकवली तरी फरक पडतो, तेव्हा द्रवाचा पृष्ठभाग सर्वाधिक थरथरतो ती जागा शोधून तिथेच ती टांगावी. वेळ दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही, उलट नॅनोशीट आडव्या मोडून लहान होतात. सेंट्रिफ्यूज थांबवताना ब्रेक लावू नये, आणि वरचा दोन तृतीयांश द्रवच पिपेटने काढावा.

एएफएममधल्या (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपून उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकातल्या) उंचीबाबतही घाई नको. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर सुमारे ०.६५ नॅनोमीटरचा असतो. परंतु एनएमपी २०२ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते सिलिकॉनच्या चकतीवर चिवटपणे मागे राहते आणि एकच थर जाड भासतो. मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती धुतो, निर्वातात तापवून सुकवतो, आणि त्यानंतरच थर मोजायला बसतो.