की समोर दिसते, पण डिक्शनरी म्हणते नाही

पायथॉनची डिक्शनरी तुम्हाला येते असं धरून चालतो. चौकटी कंसात की दिली की व्हॅल्यू मिळते, की नसेल तर कीएरर. मग कोणीतरी सीनियर येऊन सांगतो, "कंस कशाला, डिक्शनरीची गेट ही मेथड वापर, एरर येणारच नाही." खरंय, एरर येत नाही. नुसतं नन (None, म्हणजे 'काहीच नाही') हातात पडतं, आणि डिफॉल्ट शून्य दिलं असेल तर शून्य. असल्या सल्ल्यांना माझा कोपरापासून नमस्कार!

मला रडवलं ते इथंच. रोल नंबर आणि गुण यांची डिक्शनरी, की म्हणून १०१, १०२ असे इंटिजर. ती जेसन (JSON, डेटा मजकूर म्हणून साठवायची एक पद्धत) फाइलमध्ये साठवली, पुन्हा वाचली, गेटला १०१ आणि डिफॉल्ट शून्य दिलं. अख्ख्या वर्गाला भोपळा. लूप लावून कीज प्रिंट केल्या तर १०१ समोर हजर! आता नीट ऐका. जेसनमध्ये की फक्त स्ट्रिंगच असू शकते. त्यामुळे साठवताना पायथॉन इंटिजरची गुपचूप स्ट्रिंग करतं आणि वाचताना ती परत इंटिजर करत नाही. स्ट्रिंग १०१ आणि इंटिजर १०१ डिक्शनरीच्या लेखी वेगळे. साधा प्रिंट अवतरणचिन्हं दाखवत नाही, म्हणून की नेहमी रेप्रमधून (repr, हे फंक्शन स्ट्रिंग अवतरणचिन्हांसकट दाखवतं) बघा. कंस वापरले असते तर पहिल्याच ओळीत कीएरर आला असता. तो लाल मजकूर बघून घाबरू नका, चूक कुठे आहे ते तोच सांगतो.

मराठी कीज असतील तर आणखी एक गंमत. 'दुसऱ्या' हा शब्द कोणी ऱ वापरून टाइप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह) घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण लेनने (len) मोजलेली लांबी एकीकडे ७, दुसरीकडे ८. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही हा झेडडब्ल्यूजे काढत नाही; डिक्शनरीत भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे तुम्हालाच एकसारखं रूप करून घ्यावं लागतं. हे सगळ्यांनाच छळतं, तुम्ही ढ नाही.

गेटशी माझं वैर नाही. शब्द मोजताना नवा शब्द डिक्शनरीत नसणारच, तिथं गेटला शून्य डिफॉल्ट देऊन एक मिळवणं अगदी बरोबर. रोल नंबर मात्र असायलाच हवा, तिथं कंसच.