कमी बजेटमध्ये बाथरूम नवं करताय? मग पैसा आधी फरशीखाली आणि भिंतीच्या आत घाला

जुनं बाथरूम तोडून नवं करायचं ठरलं की घरातली सगळी मंडळी आधी टाईलच्या दुकानात जातात आणि बजेट तिथंच संपतं, मग प्लंबरला म्हणायचं की जरा स्वस्तातलं बघा. माझं मत याच्या बरोबर उलटं आहे. हातात पैसा मोजका असेल तर तो आधी जे दिसत नाही त्यावर घालायचा, म्हणजे पाईप, ट्रॅप (सांडपाणी जायचं फरशीतलं तोंड), वॉटरप्रूफिंग, उतार आणि वायरिंग. आरसा, नळ, शॉवर पुढच्या दिवाळीला पण बदलता येतात, पण भिंतीतला पन्नासेक रुपयांचा एल्बो (पाईपाच्या वळणाचा जोड) गळायला लागला तर त्याच्यासाठी वरची सगळी टाईल फोडावी लागते आणि तसली टाईल तोवर बाजारात मिळत नाही. आमच्या सांगलीकडं बहुतेक घरांत बाथरूमचं काम आयुष्यात एकदा नाहीतर दोनदाच निघतं, म्हणून खाली सगळं क्रमानं लिहितोय, ज्यांचं काम निघालंय त्यांनी हा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी ओल कुठून येते ते शोधा

हातोडा लावायच्या आधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. भिंत कायम ओली राहते का फक्त आंघोळी झाल्यावर ओली होते? कायम ओली असेल तर बहुतेक नळाच्या पाण्याची लाईन गळत असते, कारण तिच्यात पाणी कायम भरलेलं असतं. आंघोळीनंतर ओल वाढत असेल तर फरशी, सांधे नाहीतर सांडपाण्याचा पाईप. पक्कं करायचं असेल तर रात्री झोपताना टाकी भरायचं बंद करा, घरातले बाकीचे व्हॉल्व बंद करून फक्त बाथरूमचा चालू ठेवा, नळ सगळे बंद, आणि टाकीत पाण्याच्या लेव्हलला खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर गळती लाईनमध्ये आहे.

हे करायचं कारण असं की सगळ्यांनाच सगळं तोडायची गरज नसते. खालच्या खोलीत ओल नाही, पाणी ट्रॅपकडं नीट जातंय, आणि जुन्या टाईलवर नाण्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही, असं असेल तर जुन्या टाईलवरच चिकटवायच्या तयार मसाल्यानं, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हनं नवी टाईल बसवता येते, तोडफोड आणि राडारोडा उचलायचा खर्च वाचतो. फक्त फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, त्यामुळं दार घासेल का आणि बाहेरची खोली बाथरूमपेक्षा उंच राहील का ते आधी मोजा. ओल असेल तर मात्र हा विचार सोडून द्या, वरून कितीही भारी टाईल लावली तरी खालचं पाणी जात नाही.

मापं आणि टाईलचा हिशोब

एका कागदावर बाथरूम काढा, साधंच, पण दार कुठं, खिडकी कुठं, ट्रॅप कुठं, सगळं टेपनं मोजून. समजा बाथरूम ५ बाय ७ फूट आहे. चारी भिंतींची लांबी मिळून २४ फूट. ७ फूट उंचीपर्यंत सगळीकडं टाईल लावली तर अडीच फुटाचं दार वजा करून साधारण १५० चौरस फूट होतात. आता शॉवरच्या बाजूची ५ फुटी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना ३-३ फूट, एवढंच ७ फुटापर्यंत घ्या आणि बाकी भिंतींना ४ फूट उंचीच ठेवा. ७७ अधिक ४२ म्हणजे ११९, जवळजवळ ३० फूट टाईल वाचली, शिवाय तेवढी मजुरी आणि अ‍ॅडहेसिव्ह. वरच्या भागाला चांगला ओलावा सहन करणारा रंग द्या. हे वाचलेले पैसे वॉटरप्रूफिंगला जातील. टाईल आणताना १० टक्के जास्त आणा, सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का बघा, आणि काम संपल्यावर उरलेल्या पाच-सहा टाईल माळ्यावर जपून ठेवा.

कमोड बदलणार असाल तर तो पसंत करायच्या आधी भिंतीपासून जमिनीतल्या पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. खाली जमिनीत जाणारे, म्हणजे एस ट्रॅपचे, कमोड ४ इंच, ९ इंच, १२ इंच अशा वेगवेगळ्या अंतराचे येतात. मागं भिंतीत जाणारा असेल तर पी ट्रॅप लागतो. हे न बघता ऑफरमध्ये कमोड उचलला की मग पाईप सरकवायचा खर्च ऑफरपेक्षा जास्त होतो.

तोडफोड

गवंड्याशी आधीच लिहून ठरवा की राडारोडा कोण उचलणार, सिमेंट-वाळू कोण आणणार, आणि पाणी भरून टेस्ट करायची ती दोन दिवसांची खोटी दरात धरलीय का. हे शेवटचं बोललेलं नसलं की टेस्टच होत नाही. काम शक्यतो दिवाळीनंतर ते मेपर्यंत काढा, पावसाळ्यात वॉटरप्रूफिंगचे कोट वाळत नाहीत.

तोडायला सुरुवात केल्याबरोबर सगळ्या सांडपाण्याच्या पाईपांची तोंडं गोणपाटाचे बोळे घालून बंद करा आणि वरून प्लास्टिक बांधा. टाईल लावून होईपर्यंत ते तसंच राहू द्या. ग्राउट (फटी भरायचा मसाला) धुतलेलं पाणी आणि सिमेंटचा गाळ पाईपात जाऊन तिथंच दगड होतो आणि नव्या बाथरूमचं पाणी पहिल्या आठवड्यातच तुंबतं.

तळमजल्याचं बाथरूम असेल तर आपल्या भागात अजून एक बघावं लागतं. सांगली, मिरज, तासगावकडं खाली काळी माती असते, ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, फरशी एका कोपऱ्यात खचलेली दिसते ती बऱ्याचदा यामुळंच. अशा ठिकाणी माती जमेल तेवढी काढून मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसायचा आणि त्यावर ३-४ इंच काँक्रीट करायचं. साताऱ्याकडं मुरमाड जमिनीवर घर असेल तर हा खर्च बहुतेक वाचतो.

पाईप

जुने जीआय, म्हणजे लोखंडी, पाईप असतील तर एकही ठेवू नका, अर्धा जुना अर्धा नवा करून वाचलेले पैसे नंतर दुप्पट जातात. गरम आणि थंड दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सहन करणारा प्लास्टिकचा पाईप) घाला, नळाच्या तोंडाला पितळी आटे असलेले फिटिंगच घ्या कारण प्लास्टिकचे आटे घट्ट करताना चिरतात. डायव्हर्टर (पाणी नळाला का शॉवरला ते बदलायचा खटका) भिंतीच्या आतला छान दिसतो पण बजेट कमी असेल तर भिंतीबाहेर बसणारा साधा वॉल मिक्सर घ्या, बिघडला तर पाना लावून काढता येतो. बाथरूमच्या लाईनला बाहेरून स्वतंत्र व्हॉल्व ठेवा.

सांधे एक दिवस वाळले की प्लास्टर करायच्या आधी प्रेशर टेस्ट. प्लंबर म्हणतो टाकीचं पाणी सोडून बघितलंय, गळत नाही. पण १० फूट उंचीच्या टाकीचं प्रेशर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.३ किलो, तेवढ्यात अर्धवट चिकटलेला सांधा पण टिकतो. हातपंप लावून १० किलोपर्यंत प्रेशर द्या आणि तासभर काटा बघत राहा, खाली आला नाही पाहिजे. हातपंप नसेल तर प्लंबरला एका दिवसासाठी कुठून तरी आणायला सांगा. आणि मग भिंतीला टेप उघडून लावा आणि मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक भिंतीचा, म्हणजे उद्या टॉवेलच्या रॉडसाठी भोक पाडताना पाईप कुठं आहे ते कळेल. घरात म्हातारं माणूस असेल तर धरायच्या दांड्याची जागा आत्ताच ठरवा आणि तिथून पाईप नेऊ नका.

वॉटरप्रूफिंग, इथं घाई नको

गवंडी इथं हमखास सांगतो, "ओ दादा, मालात पावडर टाकलीय की, आनि कोट कशाला?" तुम्ही म्हणा, "मामा, पावडर असू दे, कोट पण मारायचा." मालातली पावडर ही मालापुरती, स्लॅबला चीर गेली की पाणी चिरेतून जातंच.

जुना माल स्लॅबपर्यंत खरवडून काढा, धुऊन घ्या. पाईप जिथं स्लॅबमधून खाली जातो तिथली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा, सगळ्यात जास्त गळती याच गोल फटीतून होते. भिंत आणि जमीन जिथं मिळते त्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्या, काटकोनात कोट चिरतो. बेसला उतार इथंच द्या, वरच्या टाईलला नुसता दिला तर टाईलखाली झिरपलेलं पाणी साचून राहतं. मग जमीन ओलसर करून, पण पाणी साचलेलं नको, पॉलिमर आणि सिमेंट मिसळून लावायचा दोन भागांचा कोट ब्रशनं मारा. पहिला उभा, तो वाळला की दुसरा आडवा. भिंतीवर चारी बाजूंनी १ फूट वर घ्या, शॉवरच्या बाजूला ६ फुटापर्यंत.

वाळल्यावर ट्रॅप बंद करून उंबऱ्याशी विटांचा तात्पुरता बांध घाला आणि दोन-अडीच इंच पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. ४८ तास कोणी आत जायचं नाही. पाणी हवेनं थोडं कमी होतं, त्यासाठी बाजूला एका बादलीत तेवढंच पाणी ठेवून तिलाही रेघ मारा, बादलीतलं जेवढं उतरलं त्यापेक्षा जमिनीवरचं स्पष्ट जास्त उतरलं तर कुठंतरी गळतंय. खालच्या खोलीत बॅटरी घेऊन छत बघा, पाईपाभोवती खास करून. गळलं तर आत्ता दुरुस्ती एका दिवसाची आहे. टेस्ट पास झाल्याशिवाय पुढची मजुरी देऊ नका.

उतार आणि टाईल

उतार फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), फार तर दीड. लांबचा कोपरा ट्रॅपपासून ६ फुटांवर असेल तर तिथली फरशी पाऊण इंच वर पाहिजे. दोरी धरून मोजून घ्या. जमिनीला १२ बाय १२ ची मॅट, घसरत नाही अशी टाईल घ्या, मोठ्या टाईलला चारी बाजूंनी उतार देता येत नाही, कापाकापी होते. व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्धा टक्क्याच्या आत, म्हणून ती साध्या सिमेंटला धरत नाही, तिला अ‍ॅडहेसिव्हच लागतं. भिंतीची सिरॅमिक टाईल सिमेंटवर लावणार असाल तर आधी पाण्यात भिजवून घ्या. मध्ये २ मिलीमीटरचे स्पेसर, टाईलला टाईल चिकटवून लावायची नाही. पहिल्या दिवसाचं काम संपलं की तांब्याभर पाणी टाकून बघा कुठं थांबतंय, माल ओला असतानाच टाईल उचलता येते. एपॉक्सी ग्राउट महाग आहे, ते जमिनीला आणि शॉवरच्या कोपऱ्याला वापरा, बाकीकडं साधं चालतं.

वीज, दार आणि बाकीचं

गीझरला स्वतंत्र ४ एमएमची वायर, १६ अँपिअरचा पॉईंट, त्याचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) वेगळा, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. स्विच बाथरूमच्या बाहेर. इथं एक रुपया पण कमी करू नका. गॅस गीझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो, बाहेर मोकळ्या हवेला लावा.

दार प्लायवूडचं घेऊ नका, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) घ्या, चौकट ग्रॅनाइटची. सांगलीत गावभाग, सांगलवाडी, हरिपूरकडं २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना हे सांगायला नको, लाकडी दारं फुगून बसली होती. त्या भागात बोर्ड उंचावर घ्या आणि ड्रेनेजच्या पाईपाला नॉन रिटर्न व्हॉल्व बसवा, पुराचं पाणी आधी ट्रॅपमधून वर येतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढा-जावळीकडं, पावसाळ्यात भिंती महिनोन्‌महिने वाळत नाहीत, तिथं एक्झॉस्ट फॅन पहिल्या यादीत धरा.

नळ पितळी घ्या, हातात वजन लागतं, आणि सुटे भाग आपल्याच गावात मिळतात का ते दुकानदाराला विचारा. बोअरचं पाणी जड असेल तर शॉवर रबरी टोकांचा घ्या, बोटानं चोळलं की खार निघतो. फरशीवरचा खार काढायला बाटलीतलं अ‍ॅसिड ओतू नका, ते सिमेंटचं ग्राउट खातं आणि नळाचं पॉलिश काळं करतं. लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवा, आठवड्यातून एकदा केलं तरी पुरतं.