पद्मिनी सुरू होत नाही? कार्ब्युरेटरला शेवटी हात लावा

निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्या, की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचे मला सकाळी सकाळी फोन येतात. "काका, सेल्फ मारतोय, पण गाडी घेतच नाही. कार्ब्युरेटर खोलू का?" नको. तो शेवटी.

माझी नोकरी सातपूर एमआयडीसीत मेन्टेनन्सला झाली आणि वडिलांची प्रीमियर पद्मिनी घरात आजही चालती आहे. फियाट अकराशेवरून आलेलं १०८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे. बॅटरीची ताकद, प्लगला करंट आणि पेट्रोल एवढं मिळालं की ते चालतं. तिन्हींतलं काय कमी पडतंय ते आधी ओळखा, मग पाना उचला.

सुरुवात कानांनी करा. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावून सेल्फ मारा. नुसती टिकटिक आली आणि लाइट पार मंदावला, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला पांढरी-हिरवी बुरशी धरलीय. मल्टिमीटर असेल तर बघा, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली जात असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. टर्मिनल सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, घासून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडतखडत फिरत असेल, तर अर्थिंग बघा. नव्या बॅटरीचे पैसे लोक इथेच फुकट घालवतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीपासून इंजिनला एक विणलेली तांब्याची पट्टी दिलेली असते. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो, चोकच्या केबलमधूनसुद्धा जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दोष पट्टीचा. खात्री करायला जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ झटक्यात फिरला तर पट्टी बदला.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन घेत नाही, मग करंट तपासा. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते आधी बघा. डेल्को म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्याच्या झाकणातली मधली, कॉइलकडून येणारी वायर काढून सुक्या, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. ती इथे चांगली आणि प्लगला नाही, तर दोष झाकणात, रोटरमध्ये (झाकणाखाली फिरणारा तुकडा) किंवा प्लगच्या वायरींत. पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते. सुक्या फडक्याने पुसा आणि केसासारखी काळी रेघ दिसते का, ते उजेडात धरून बघा. रेघ असेल तर झाकण बदलायलाच हवं.

ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा मुळीच नसेल, तर डेल्कोतले सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क बघा. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडला, की फटीत फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) साधारण ०.४५ मिलिमीटरची पात किंचित घासत जायला हवी. पॉइंटवर एका बाजूला खड्डा नि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं असेल, तर पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्या आणि दोन्ही एकदमच बदला. नुसतं पॉलिश पेपरने घासलं तर गाडी घरापर्यंत येते, पण दुखणं तसंच राहतं.

करंट ठीक असेल, तरच पेट्रोलकडे वळा. कॉइलची वायर काढून ठेवा, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. येत नसेल तर आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा आवाज झाला, तर झाकणाचं भोक बुजलंय. मग फिल्टर आणि एसी पंपाचा, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) बघा. डायफ्राम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालवू नका. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. तेही बदलून घ्या.

प्लग पेट्रोलने ओले असतील, तर चोक आत ढकला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरूनच सेल्फ मारा. पंप केल्यासारखं मारू नका, त्याने इंजिन आणखी भिजतं. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदच. मध्ये अर्धं मिनिट जाऊ द्या.

कसारा घाट चढताना बंद पडणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात पंपात नि पाइपात पेट्रोलची वाफ होते. गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका आणि वीसेक मिनिटं थांबा. डेल्को मात्र कोरडा ठेवा. निवल्यावरही घेत नसेल तर मधल्या वायरची परीक्षा तिथेच करा. तापल्यावर ठिणगी जाते आणि गार झाल्यावर परत येते, असं वारंवार झालं तर कॉइल किंवा कंडेन्सर. घाटात जायचं असेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि रोटरचा जादा जोड डिकीत असू द्या, फीलर गेजसकट.