कुत्र्याला जुलाबावरची गोळी: कडू मेट्रोनिडाझोल पोटात कशी घालायची

डॉक्टरांनी वजन बघून डोस लिहून दिलाय आणि गोळ्या हातात आहेत, असं धरून चालू. घरातल्या उरलेल्या पट्टीतली गोळी देणार असाल तर इथेच थांबा. माणसांचे जुलाब थांबवणारी लोपरामाइड कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत मेंदूपर्यंत पोचते. दुखण्यावरची आयबुप्रोफेन तर कुठल्याही कुत्र्याच्या जठराला जखमा करतं.

वेळा आधी लावून घ्या. मेट्रोनिडाझोल खाण्यासोबत. सोबत ओमेप्राझोल (ॲसिड कमी करणारं औषध) दिलं असेल तर ते खाण्याच्या अर्धा तास आधी, न फोडता. सुक्रालफेट (जठराच्या जखमांवर लेप धरणारं औषध) असेल तर रिकाम्या पोटी आणि बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब, कारण दुसरं औषध त्यात अडकून बसतं.

आता खरी गोची. ‘गोळी कुटून दहीभातात कालवा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. मेट्रोनिडाझोल जहरी कडू असते. वरचं आवरण असतं ते त्यासाठीच. कुटली की सगळा भात कडू. कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, घरचे विषबाधा समजून घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी तो साध्या भातालाही तोंड लावत नाही.

अर्धी गोळी लिहून दिली असेल तर तुटलेली बाजू उघडी पडते. मेडिकलमधून रिकामी जिलेटीन कॅप्सूल मागून घ्या आणि तुकडा त्यात भरा. भरल्यावर हात धुवा. बोटांना लागलेली पूड खाऊला लागली की त्याला वासावरूनच कळतं.

मग उकडलेल्या बटाट्याचे किंवा बिनमिठाच्या चिकनच्या खिम्याचे बोराएवढे तीन गोळे करा. पहिला रिकामा. दुसऱ्यात गोळी. तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. तूप-लोणी नको, जुलाब वाढतील. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. ते कुत्र्यांना विषारी आहे.

तरीही थुंकली तर हातानेच द्यावी लागते. कुत्रा कोपऱ्यात बसवा, पाठ भिंतीकडे. डाव्या हाताने वरचा जबडा वरून धरा, अंगठा आणि बोटं सुळ्यांच्या मागे. नाक छताकडे केलं की खालचा जबडा सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो खाली दाबा आणि गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर, अगदी मधोमध ठेवा. बाजूला पडली की थुंकलीच. तोंड मिटा, नाक खाली आणा, गळा चोळा. नाक चाटलं म्हणजे गिळली. लगेच सुईशिवायच्या सिरिंजने पाच मिली पाणी गालफडातून हळूहळू सोडा. डॉक्सीसायक्लिन (एक अँटिबायोटिक) असेल तर हे पाणी टाळूच नका, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. पातळ औषधही असंच गालफडातून, डोकं सरळ ठेवून. मान वर करून ओतलं तर फुप्फुसात जातं.

गोळीनंतर उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नका, डॉक्टरांना विचारा. चाल झोकांडत असेल, मान कलत असेल, डोळे आपोआप इकडेतिकडे हलत असतील तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. मेट्रोनिडाझोलचा डोस जास्त झाल्याची ही लक्षणं आहेत. शी घट्ट झाली म्हणून कोर्स मध्येच सोडायचा की नाही, तेही डॉक्टरच ठरवतील. शीमध्ये रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर गोळीच्या खटाटोपात वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात न्या.