सुबारू ३६० विकत घेताना: आधी पत्रा, मग इंजिन

जपानमध्ये १९५० च्या दशकात ‘केई’ म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातल्या गाड्यांना ३६० सीसी इंजिन, ३ मीटर लांबी आणि १.३ मीटर रुंदी अशी मर्यादा होती. एवढ्या जागेत चार माणसं बसवायची म्हणजे प्रत्येक किलोचा हिशेब आला. सुबारूची मूळ कंपनी विमानं बनवणारी. तिच्या इंजिनिअरांनी वेगळी चासी टाळली, पत्रा पातळ घेतला, छप्पर फायबरचं केलं आणि १९५८ साली ही गाडी बाजारात आणली. जपानी लोक तिला लाडाने ‘तेंतोमुशी’ म्हणजे लेडीबर्ड किडा म्हणतात. संग्राहक तिच्यावर जीव टाकतात तो या काटकसरीच्या हुशारीमुळे. खरेदी करताना घात होतो तोही याच पातळ पत्र्यामुळे.

म्हणून तपासणी खालून सुरू करा. गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर घ्या, पायाखालचं मॅटिंग उचला. पेडलजवळचा फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानींचे आतले कोपरे इथे चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. चांगला पत्रा कडक लागतो, कुजलेला बिस्किटासारखा चुरतो. टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) जिथे बॉडीला अडकवलेत ती जागा विशेष निरखा, कारण तिथे गंज असेल तर सस्पेन्शनचा सगळा भार कुजक्या पत्र्यावर आहे. सपाट जमिनीवर गाडी एका कुशीला झुकलेली दिसली तर कारण बहुधा इथेच सापडतं. इथली दुरुस्ती म्हणजे पत्रा कापून नवा घडवणं. वरून पॅच मारून भागत नाही.

पुट्टी ओळखायला कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक फिरवा. सेडानच्या छपरावर तो चिकटणार नाही. नवखा माणूस तिथे पुट्टी समजून घाबरतो, पण ते मूळचंच फायबर आहे. तिथे कडेच्या रबराखाली पाणी मुरतंय का, तेवढं पाहा. सुरुवातीच्या गाड्यांची मागची काच ॲक्रिलिकची आहे. तिला थिनर लावू नका, बारीक तडे जातात.

दारांच्या बिजागऱ्या मागे आहेत, म्हणजे दार पुढून उघडतं. चालत्या गाडीत लॅच सुटलं की वारा दार उलटं फाडतो. म्हणून दोन्ही लॅच ओढून, हलवून पाहा. झिजलेलं लॅच बदलल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

आता इंजिन. मागे बसवलेलं ३५६ सीसीचं, हवेवर थंड होणारं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. येझदी किंवा जुनी टू-स्ट्रोक स्कूटर उघडलेल्या मेकॅनिकला यात परकं काही वाटणार नाही. बरीच वर्षं उभी असेल तर थेट स्टार्टर मारू नका. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १० मिली टू-स्ट्रोक ऑइल टाका आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पान्याने हातानेच फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, हेड उघडा. मोकळं फिरलं की जुनं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर साफ करा. मग थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रिंगा, बोअर किंवा हेडचं गॅस्केट गेलंय.

सुरू झाल्यावर रेस द्या आणि सोडा. रेस उतरायला वेळ लागत असेल तर इंजिन कुठून तरी हवा ओढतंय. क्रँकची ऑइल सील वर्षानुवर्षं उभं राहून कडक होतात हे नेहमीचं कारण. इंटेकच्या जोडांवर थोडा कार्बोरेटर क्लीनर मारा. आवाज बदलला तर गळती तिथे. नाहीच बदलला तर दोष सीलचा धरा. असं इंजिन चालवत राहिलं की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं आणि पिस्टन जाम होतो. कुलिंग फॅनचं आवरण उघडून इंजिनाच्या फिन्समध्ये (थंड करणाऱ्या पात्यांमध्ये) उंदरांचा कचरा नाही ना, तेही बघा.

सुरुवातीच्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. ३० ला १ प्रमाण धरलं तर एक लिटरला ३३ मिली. वेगळी ऑइल टाकी आणि पंप नंतर आला. पंपाची खात्री पटेपर्यंत पेट्रोलच्या टाकीतही ऑइल टाकत राहा. धूर वाढेल, इंजिन वाचेल. मिश्रणावर चालणारी गाडी घाटातून उतरवताना थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकवर लांबवर सोडू नका, पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. मधूनमधून हलका थ्रॉटल द्या.

टायर १० इंची आहेत म्हणून स्कूटरचे बसवू नका, त्यांची भारक्षमता वेगळी असते.

‘यंग एसएस’ या जास्त ताकदीच्या स्पोर्टी मॉडेलच्या नावाने दाखवलेल्या गाडीला ३६ अश्वशक्तीचं, दोन कार्बोरेटरचं इंजिन हवं. पट्टे आणि बिल्ले कुणीही चिकटवतं. सेडानचा चेसिस क्रमांक के१११ ने सुरू होतो, तो गाडीवर आणि कागदावर अक्षरशः जुळवून पाहा. अमेरिकेत राहणाऱ्यांना २५ वर्षांहून जुनी गाडी आणताना तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते, पण त्यासाठी उत्पादनाचं वर्ष कागदावर स्पष्ट लागतं. विक्रेत्याकडून ते कागद पैसे देण्याआधी हातात घ्या.