पहिली होडी घरी बांधताय? आधी पीळ बघा

ही यादी बारा फुटी, दोन माणसांच्या, वल्ह्यांच्या, सपाट तळाच्या होडीची आहे. प्लाय तारेच्या टाक्यांनी शिवायचा आणि सांधे इपॉक्सीनं (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरायचे, ही पद्धत. आराखडा तयार घ्या, पहिल्याच होडीला स्वतः आखायला बसू नका. करवत, रंधा, जिगसॉ, ड्रिल, गुण्या लागतात हे सांगायला नको. दाराची रुंदीही मोजालच.

प्लायच्या आधी तीन वस्तू आणा: गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब, पाच-पाच फुटांचे दोन सरळ ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप आणि मूठभर लाकडी पाचरी. ट्यूबनं घोड्या (होडी ज्यावर ठेवायची ते स्टँड) एका पातळीत आणायच्या, पाइपांनी होडीचा पीळ बघायचा, पाचरींनी तो काढायचा. अंगण असो, गच्ची असो की पार्किंग, आपल्याकडं फरशीला चारी बाजूंनी जाळीकडं उतार काढलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही. पुढची घोडी एकीकडं कलते, मागची दुसरीकडं, आणि वर ठेवलेली होडी तेवढीच पिळते. तारेनं शिवलेला प्लाय अजून ढिला असतो, कसाही वळतो. सांध्यात इपॉक्सी भरून एक रात्र गेली की तो पीळ कायमचा. मग होडी आयुष्यभर एका अंगाला ओढते आणि वल्हवणारा एक हात जास्त मारत बसतो. हे रंधून, घासून, रंगवून जात नाही.

बघायचं कसं? एक पाइप पुढच्या बाजूला दोन्ही काठांवर आडवा, दुसरा मागच्या फळीजवळ. चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटा आणि दोन्ही पाइपांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघा. एक टोक वर दिसलं तर घोडीच्या पायाखाली पाचर सारा, त्या बाजूच्या चार-पाच तारा सैल करा, परत बघा. शिवाय मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून नाकाच्या टोकापर्यंत टेपनं मापा, फरक 3 मिमीच्या आत पाहिजे. तारा आवळल्यावर पीळ बघा. तारांच्या मधे इपॉक्सीचे ठिपके द्यायच्या आधी बघा. ठिपके वाळल्यावर, पूर्ण सांधा भरायच्या आधी बघा. कंटाळा आला तरी बघा.

प्लाय 6 मिमीचा, 8 बाय 4 चे चार तक्ते. दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो, त्याचं ऐकू नका. तक्त्यावर आयएसआय आणि आयएस 710, म्हणजे मरीन प्लायचं मानक, छापलेलं बघा. आयएस 303 म्हणजे घरातल्या फर्निचरचा माल. कड उन्हात धरून थर मोजा, पाच पाहिजेत आणि मधे फट नको. एक तुकडा पातेल्यात दिवसभर उकळा. थर सुटले तर तक्ते परत. घरी आणल्यावर भिंतीला टेकवून ठेवू नका, तीन पट्ट्यांवर आडवे ठेवा. टेकवलेला तक्ता बाक धरतो, आणि डाव्या-उजव्या बाजूला बाक वेगवेगळा असेल तर पुन्हा पीळच. त्याच कारणानं दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक आवळून एकदम कापा आणि एकदम रंधा. लांबीच्या जोडाला तिरपा काप जाडीच्या आठपट, म्हणजे 48 मिमी. ते जमणार नसेल तर मागून 150 मिमी रुंद पट्टी लावा. दिसते वाईट, टिकते.

तांब्याची तार 1 ते 1.25 मिमीची. भोकं कडेपासून 10 मिमी आत, दर 10-15 सेंमीला, नाकाजवळ अजून दाट.

इपॉक्सी हार्डनर धरून आठ-नऊ किलो. फायबरच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून गळ्यात मारतील. ते लाकडाला नीट धरत नाही, पुढं पापुद्रे सुटतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. डब्यावर वजनाचं प्रमाण वेगळं आणि मापाचं वेगळं असतं, ते बघून मिसळा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर कधीच नीट वाळत नाही. एका वेळी 150-200 ग्रॅमच, आणि कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओता. एप्रिलमधल्या सांगलीच्या दुपारी खोल डब्यात राहिलं तर धूर निघतो. लाकडावर इपॉक्सीचा हात चढत्या उन्हात देऊ नका, लाकडातली हवा बाहेर पडून बुडबुडे येतात. ऊन उतरल्यावर द्या. वाळल्यावर वर मेणचट थर आला तर आधी पाण्यानं धुवा, मग घासा. नायट्राइलचे हातमोजे आणि घासताना मास्क, यात कुचराई नको. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की जात नाही.

काचकापड 200 ग्रॅमचं नऊ-दहा चौरस मीटर, 75 मिमीची काचकापडाची टेप वीस मीटर. काठाला सागवानाच्या पट्ट्या. साग तेलकट, चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा. क्लॅम्प विकत घेऊ नका: शेतात पडलेल्या तीन इंची पीव्हीसी पाइपाचे दीड इंची काप करा, एका जागी चीर द्या, झाले. पन्नास तरी करा, कमीच पडतात. पट्ट्या आवळल्या की परत पाइप ठेवून पीळ बघा.

कामाचे दिवस नोव्हेंबर ते मार्च. साताऱ्याच्या थंडीत रात्री इपॉक्सी रेंगाळतं, घाई नको. कृष्णाकाठी पूररेषेत घर असेल तर मे संपायच्या आत सामान वरच्या मजल्यावर. आणि पुरात उपयोगी पडेल ही कल्पना डोक्यातून काढा. सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेची 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. तेवढ्या पाण्यात 6 मिमीच्या प्लायनं जायचं नसतं. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटली, ते विसरू नका.

बाकी थोडक्यात. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे, आतून इपॉक्सीचे दोन हात, बाहेर उन्हापासून वाचवायला रंग लावाच. आतलं पाणी काढायच्या बुचाचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं भरा, मग त्यात मापाचं पाडा. वल्ही साडेसात-आठ फुटी. लाइफ जॅकेट दोन, अंगावर. धरणात उतरवणार असाल तर जलसंपदा खात्याला आधी विचारा, आणि शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, असेल तर वनखात्यालाही, काठाला कोयना अभयारण्य आहे.